२ जीबीचा पॅच, ९० जीबीचं लिखाण

मागच्या नोंदीत डी ड्राइव्हवर (२ टीबीची एनव्हीएमई, म्हणजे वेगवान जोडणीची एसएसडी; आतली मेमरी स्वस्तातली क्यूएलसी) सगळे मोठे गेम्स लोडिंगच्या हिशेबाने लावले होते. ती मांडणी मोडतोय. गेमचा पॅच (अपडेट) २ जीबीचा, डाऊनलोड तीन मिनिटांत संपतं, आणि पुढे 'पॅचिंग' पाऊण तास हलत नाही. डिस्क १०० टक्के, लिहिण्याचा वेग सेकंदाला ४० एमबीच्या आसपास. एवढं तर साधी हार्ड डिस्कही देते.

कारण आता पक्कं सापडलंय. स्टीम (गेम्स विकत घेऊन चालवायचं ॲप) फाइलचे साधारण १ एमबीचे तुकडे धरून फक्त बदललेले तुकडे उतरवतं. पण ९० जीबीची एकच पॅक फाइल (गेमचा सगळा माल एकत्र बांधलेली) असेल तर ती जागच्या जागी दुरुस्त होत नाही. जुने-नवे तुकडे जोडून 'डाऊनलोडिंग' फोल्डरमध्ये पूर्ण नवी फाइल उभी राहते, मग ती जुनीच्या जागी बसते. म्हणजे ९० जीबी वाचा, ९० जीबी लिहा, तेही एकाच ड्राइव्हवर, आणि तेवढी जागा मोकळीही हवी.

इथे क्यूएलसी मार खाते. तिची सेल ४ बिट धरते आणि हळू लिहिते; एसएलसी कॅश (मोकळ्या जागेतला वेगवान तात्पुरता साठा) म्हणून वापरली की एकच. डी वर १६० जीबी मोकळे होते, म्हणजे कॅश फार तर त्याच्या चौथा हिस्सा, ४०. ती भरली की उरलेले ५० जीबी थेट क्यूएलसीच्या वेगाने. क्रिस्टलडिस्कमार्क या वेग मोजणाऱ्या प्रोग्रामची १ जीबीची चाचणी कॅशमध्येच संपते, म्हणून तिचे आकडे झकास दिसतात. त्यावर विसंबू नका. १०० जीबीचा फोल्डर कॉपी करा आणि टास्क मॅनेजरचा आलेख कुठे कोसळतो ते बघा. विकत घेताना टीएलसी (सेलमागे ३ बिट) की क्यूएलसी हे बिलाआधी विचारा. बॉक्सवर बहुधा लिहिलेलं नसतं.

ट्रिम (पुसलेली जागा मोकळी झाल्याचं एसएसडीला कळवणं) तपासला: विंडोजच्या एफएसयुटिल कमांडमध्ये डिसेबलडिलीटनोटिफाय ०, म्हणजे चालू. त्यात दोष नाही.

मग नियमच बदलला. गेम कुठे राहणार हे त्याला किती वेळा पॅच येतो यावर ठरवायचं, लोडिंगवर नाही. दर आठवड्याला पॅच घेणारे लाइव्ह सर्व्हिस गेम्स ई वर (१ टीबीची एसएसडी, साटा या जुन्या, हळू जोडणीची, पण टीएलसी) गेले. तोच ९० जीबीचा प्रकार तिथे हिशेबाने सहा मिनिटांचा, प्रत्यक्षात नऊ लागली. कागदावर सहापट हळू असलेली ड्राइव्ह इथे जिंकली, हे बघून फार बरं वाटलं.

हलवताना स्टीमचं स्वतःचं 'मूव्ह' चालतं, पण मोठ्या फोल्डरला विंडोजची रोबोकॉपी कमांड जास्त भरवशाची: /E (उपफोल्डरांसकट) आणि /J (मोठ्या फाइल्ससाठी) हे स्विच, स्टीम पूर्ण बंद. सोबत ॲपमॅनिफेस्टची एसीएफ फाइलही (स्टीमकडची त्या गेमची नोंद) न्या (बाल्डर्स गेट ३ ची १०८६९४० क्रमांकाची). ती मागे राहिली तर गेम अनइन्स्टॉल दिसतो. घाबरू नका. नव्या लायब्ररीत 'इन्स्टॉल' दाबा, स्टीम असलेल्या फाइल्स ओळखतं.

लिहितानाच सुचलं: 'डाऊनलोडिंग' फोल्डर जंक्शनने (एका फोल्डरचा पत्ता दुसरीकडे वळवणारी विंडोजची सोय) सी ड्राइव्हवर वळवला तर वाचन-लेखन वेगळं होईल. पण एकाच ड्राइव्हवर शेवटची हलवाहलव म्हणजे नुसतं नाव बदलणं. ड्राइव्ह बदलली की पूर्ण कॉपी, ९० जीबी पुन्हा डी वरच. बेत रद्द.

एलझेडएक्स कॉम्प्रेशनलाही (विंडोजने फाइल्स दाबून जागा वाचवणं) हाच नियम. पॅचने लिहिलेली फाइल पुन्हा फुगते, त्यामुळे ते आता फक्त पॅच थांबलेल्या सिंगल-प्लेअर गेम्सवर.

हेलडायव्हर्स २ च्या स्लिम आवृत्तीने १५४ जीबीचे २३ केले. हार्ड डिस्कसाठी ठेवलेल्या दुहेरी फाइल्स काढल्या, बस. डी वर आता ५२० जीबी मोकळे, म्हणजे कॅश १३० पर्यंत. १०० जीबीची कॉपी आज रात्री पुन्हा लावतोय.