फियाट ११०० डिलाइटचा शोध: एमआर मालिकेतून गोव्याच्या जीडीपर्यंत

आमच्या घरची जुनी गाडी शोधतो आहोत: १९६७ची फियाट ११०० डिलाइट. १०८९ सीसी, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, मुंबईत एमआर मालिकेतला नंबर, १९८४ साली विकलेली. आतापर्यंतची प्रगती अशी: मुंबई आरटीओच्या जुन्या रजिस्टरातली ओळ मिळाली, गाडी गोव्यात गेल्याचा शेरा त्यातच सापडला, तिथला जीडी मालिकेतला नंबरही कळला. सध्याच्या मालकापर्यंत निरोप पोचवणं बाकी आहे. पूर्ण नंबर आणि चेसिस नंबर इथे मुद्दाम दिलेले नाहीत, त्याचं कारण पुढे येईलच.

जुनी फियाट शोधणारे बहुतेक जण नंबरप्लेट धरून बसतात आणि तिथेच अडकतात. गाडी महाराष्ट्रातच फिरली असेल तर नंबर तोच राहतो. पण दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक राहिली, तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. खाजगी गाडी टॅक्सी झाली तरी मालिका बदलते. इंजिन नंबरवरही भिस्त ठेवू नये, कारण या गाड्यांत पद्मिनीचं (याच गाडीचा पुढचा अवतार) इंजिन बसवणं किंवा डिझेल इंजिन टाकणं अगदी सर्रास चालायचं. शेवटपर्यंत गाडीसोबत राहतो तो चेसिस नंबर, म्हणजे गाडीच्या पत्र्यात ठोकलेला नंबर. शोध त्याच्यापासून सुरू करा.

चेसिस नंबर घरातच मिळतो

आरसी बुक नव्या मालकाकडे गेलेलं असतं, पण त्याची झेरॉक्स कुठल्या तरी फायलीत सापडते. नसेल तर जुनी विमा पॉलिसी किंवा कव्हर नोट पाहा. तिच्यावर चेसिस आणि इंजिन असे दोन्ही नंबर असतात. कर्जावर घेतलेली गाडी असेल तर बँकेचं हायपोथिकेशनचं (तारणाचं) पत्र, कंपनीच्या नावावर असेल तर मालमत्तेची यादी. रोड टॅक्सच्या पावत्यांवर निदान नोंदणी क्रमांक आणि तारीख मिळते, आणि त्यावरून रजिस्टरचं पान गाठता येतं.

काहीच कागद नसेल तर फोटो अल्बम. इथे प्रिंट स्कॅन करण्यात वेळ घालवू नका, निगेटिव्ह शोधा. पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटवर धूसर दिसणारी प्लेट १२० फिल्मच्या निगेटिव्हमधून २४०० डीपीआयला स्वच्छ वाचता येते. प्लेटा तेव्हा हाताने रंगवलेल्या असत, त्यामुळे अक्षरांत गफलत होते: ओ आणि डी, बी आणि आठ, एम आणि एन. आकडे देवनागरीत असतील तर आणखी सावध राहा. देवनागरी ४ घाईत इंग्रजी आठसारखा दिसतो, देवनागरी १ इंग्रजी नऊसारखा. असे जितके पर्याय निघतील तितके कागदावर मांडून ठेवा आणि पुढे प्रत्येक तपासा.

मॉडेलही फोटोवरूनच पक्कं करून घ्या, कारण घरच्यांच्या आठवणीत सगळ्याच गाड्या ‘फियाट’ असतात. गोल पाठीची डुक्कर फियाट असेल तर पुढच्या दारांची बिजागरी मागच्या बाजूला असते, दार उलटं उघडतं. १९६४पासूनच्या डिलाइटचं दार नेहमीसारखं पुढे बिजागरी असलेलं. सत्तरच्या दशकात तीच गाडी आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून बाहेर पडलेल्या या सगळ्या गाड्यांचे कित्येक भाग एकमेकींना बसतात. म्हणूनच डिलाइटला पद्मिनीची जाळी आणि दिवे लावलेले दिसले, की ती आपली गाडी नाही असं लगेच ठरवू नका.

पोर्टलवर काय पाहायचं

परिवहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून पाहणं ही सोपी पायरी. तीन अक्षरी जुना नंबर शून्य लावून, शून्य न लावता, अशा दोन्ही तऱ्हेने टाका. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं येतं. आपल्याला ते नकोही आहे. पाहायचं ते नोंदणी कुठवर वैध आहे ते. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर दर वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकरण, आणि नूतनीकरणासाठी गाडी निरीक्षकासमोर उभी करावी लागते. त्यामुळे वैधतेची तारीख अजून पुढची असेल, तर गेल्या पाच वर्षांत कोणीतरी ही गाडी डोळ्यांनी पाहिली आहे. शोधातला हा सर्वांत मोठा दिलासा.

उलट, नुसतं ‘ॲक्टिव्ह’ लिहिलेलं असेल आणि वैधता कधीच संपलेली असेल, तर त्यावरून काहीच कळत नाही. गाडी मोडीत काढली की नोंदणी रद्द करून घ्यावी असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं, पण भंगारात दिलेल्या हजारो गाड्या कागदोपत्री अजून जिवंत आहेत.

नंबर सापडलाच नाही तर? बहुधा गाडीची बॅकलॉग एंट्री झालेली नाही, म्हणजे हस्तलिखित रजिस्टरातली माहिती संगणकावर चढलेली नाही. हे ‘नाही’ म्हणजे गाडी नाही असं नव्हे. एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबरप्लेट) सक्तीची झाल्यापासून अनेक जुन्या मालकांना ही एंट्री करून घ्यावी लागली आहे, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी तोच नंबर पुन्हा टाकून पाहा.

चेसिस नंबर हाती असेल तर पोर्टलवर आणखी एक दार उघडतं. पीयूसी (प्रदूषण तपासणीचं प्रमाणपत्र) पाहायला नोंदणी क्रमांकासोबत चेसिसचे शेवटचे पाच आकडे लागतात. प्रमाणपत्रावर तारीख, केंद्राची माहिती आणि प्लेटचा फोटो असतो. गाडी कोणत्या गावात फिरते याचा याहून ताजा पुरावा मिळणं कठीण.

रजिस्टर आणि माहितीचा अधिकार

आरटीओत जाऊन ‘आमची जुनी गाडी कोणाकडे आहे’ असं विचारलं तर उत्तर मिळत नाही आणि मिळूही नये. माहितीच्या अधिकारात मालकाचं नाव-पत्ता मागितला तर कलम ८(१)(जे) दाखवून अर्ज फेटाळला जातो आणि महिना वाया जातो. प्रश्न माणसाबद्दल नको, गाडीच्या नोंदीबद्दल विचारा. या शोधात चाललेला अर्ज असा होता:

‘वाहन क्र. (नंबर), चेसिस क्र. (नंबर) यासंदर्भात: (१) नोंदणी आज वैध, रद्द की मुदत संपलेली, (२) ना-हरकत प्रमाणपत्र दिले असल्यास तारीख व कोणत्या नोंदणी प्राधिकाऱ्याच्या नावे, (३) शेवटच्या नूतनीकरणाची तारीख, (४) अन्य प्राधिकाऱ्याने नवा क्रमांक दिल्याचे कळवले असल्यास तो क्रमांक. मालकाचे नाव व पत्ता नको. नोंदीच्या प्रतीत तो भाग झाकून द्यावा.’

शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. नकार द्यायचं कारणच उरत नाही. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. उत्तराची मुदत ३० दिवस, आणि पहिल्या अपिलालाही ३० दिवस. सोबत अभिलेख पाहण्याची परवानगी मागा. पहिला तास विनामूल्य असतो, आणि रजिस्टर समोर आलं की बरंच काही सापडतं जे टंकलिखित उत्तरात येत नाही.

आमच्या गाडीचं तसंच झालं. मुंबईतल्या रजिस्टराचं पान आडवं, रकान्यांचं. डावीकडे नंबर, मग मालक, मग मेक, चेसिस, इंजिन, आणि सगळ्यात उजवीकडे शेऱ्याचा अरुंद रकाना. त्यात लाल शाईत तिरकस अक्षरांत एनओसीची (ना-हरकत प्रमाणपत्राची) तारीख, पुढे ‘पणजी’, आणि खाली वेगळ्या हस्ताक्षरात जीडीने सुरू होणारा क्रमांक. नवा नंबर देणाऱ्या कार्यालयाने मूळ कार्यालयाला कळवायचं असतं, त्यातून आलेली ही ओळ. गोवा, दमण व दीव तेव्हा केंद्रशासित प्रदेश होता, म्हणून जीडी. जीए नंतर आलं.

रजिस्टरात काय चुकतं ते ठाऊक असू द्या. चेसिस नंबरच्या आधी येणारी टाइपची अक्षरं एक कारकून लिहितो, दुसरा नुसते आकडे लिहितो. शोधताना दोन्ही तऱ्हा द्या. चेसिस आणि इंजिनचे रकाने अदलाबदल झालेले सापडतात. मेकच्या रकान्यात कुठे फियाट, कुठे प्रीमियर, कुठे पीएएल (प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेड). आणि काही खंड ओल लागून किंवा वाळवीने गेलेले असतात. अशा वेळी गाडी पुढे ज्या जिल्ह्यात गेली असण्याची शक्यता आहे, तिथल्या कार्यालयात त्याच चेसिस नंबरवर वेगळा अर्ज करा. गाडीचा माग एका टोकाला तुटला तरी दुसऱ्या टोकाकडून मिळतो.

लोकांमधून शोध

कागद थांबतात तिथून गॅरेजवाले. कुर्ल्याचा भंगार बाजार आणि चोर बाजार इथे जुन्या फियाटचे भाग फिरत असतात, आणि कोणत्या गावात कोणाकडे डिलाइट उभी आहे हे सुटे भाग विकणाऱ्यांना पाठ असतं. तालुक्याच्या ठिकाणचे जुने पत्राकाम करणारे त्याहून उपयोगी, कारण या गाडीचा फ्लोअर, दारांचा खालचा काठ, बॅटरीखालचा ट्रे आणि डिकीचा तळ सडतोच सडतो. कधी ना कधी ती त्यांच्या हाताखालून गेलेली असते.

जाहिरात किंवा निरोप देताना मॉडेल, साल, मूळ रंग, विकल्याचं साल आणि नंबरची मालिका एवढंच द्या. शेवटचे दोन आकडे झाका. चेसिस नंबर कुठेही लिहू नका. हे दोन्ही दिले की खोटी प्लेट आणि चेसिस नंबरचा खोटा पाटा बनवून ‘तुमचीच गाडी’ म्हणून विकणारे भेटतात, आणि भावनेच्या भरात माणूस दुप्पट पैसे मोजतो. एक खूणही स्वतःजवळ ठेवा, जी फक्त घरच्यांना ठाऊक आहे: डॅशबोर्डखाली बसवलेली जादा स्विच, डिकीच्या तळाला मारलेला चौकोनी ठिगळ, मागच्या सीटखालचं वेल्डिंग. समोरच्याने आपण होऊन ती खूण सांगितली, की बोलणं पुढे न्या.

गाडी समोर आली की

बॉनेट उघडा आणि फायरवॉलवरचा पाटा आणि पत्र्यात ठोकलेला नंबर, दोन्ही पाहा. पाटा रिव्हेटने लावलेला असतो, म्हणजे तो काढून दुसरीकडे लावता येतो. ठोकलेला नंबर हलवायचा तर पत्रा कापावा लागतो. म्हणून नंबराभोवती वेल्डिंगची रेघ, पुट्टीचा उंचवटा किंवा वेगळ्या जाडीचा पत्रा आहे का, ते बोटाने चाचपून पाहा.

रंगाचे थर चढून अक्षरं बुजलेली असतात. थिनरमध्ये भिजवलेलं फडकं पाच मिनिटं त्यावर ठेवा आणि नायलॉनच्या ब्रशने हळूच घासा. ग्राइंडर किंवा पॉलिश पेपर अजिबात लावू नका. घासल्याच्या रेघा राहिल्या की पुढे निरीक्षक त्याला नंबराशी केलेली छेडछाड समजतो आणि ट्रान्सफर अडतं. मग बटर पेपर चिकटपट्टीने घट्ट बसवून ४बी पेन्सिल आडवी फिरवत पेन्सिल प्रिंट घ्या, दोन प्रती. घरच्या जुन्या कागदाशी आकडा न् आकडा ताडून पाहा. एकही आकडा वेगळा असेल तर थांबा.

इंजिन नंबर जुळला नाही तरी गाडी आपलीच असू शकते. फक्त बदललेलं इंजिन आरसीवर चढवलेलं आहे का ते बघा. तसं नसेल तर तो बदल आधी सध्याच्या मालकाकडून नोंदवून घ्या, मगच मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. गोव्याची गाडी असल्याने फॉर्म २८ची एनओसीही लागेल.

मूळ एमआर नंबर पुन्हा लावून देतो असं सांगणारे एजंट भेटतात. गाडी एकदा राज्याबाहेर जाऊन नव्या नंबरावर नोंदली गेली असेल, तर जुना नंबर परत मिळेल असं धरून किंमत ठरवू नका. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळते. आधीच नोंदलेल्या गाडीला आहे तोच नंबर ठेवता येतो. नव्याने नोंदणी करायची झाली तर व्हीए मालिका आणि शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला नाही, प्रदर्शन, रॅली, देखभाल आणि इंधन भरण्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. रविवारी घरच्यांना घेऊन फिरायचं असेल तर साधं नूतनीकरण बरं.

सध्या चालू आहे ते असं. गोव्यातल्या कार्यालयाकडे नोंदीच्या स्थितीचा अर्ज गेला आहे. त्यासोबत सध्याच्या मालकासाठी एक पत्र, उघड्या लिफाफ्यात, पोस्टाचं तिकीट लावून, ‘कृपया नोंदणीकृत पत्त्यावर पाठवावे’ अशा विनंतीसह. अधिकाऱ्यांवर ते पाठवायचं बंधन नाही, म्हणून पत्र एका पानाचं आणि स्वच्छ ठेवलं आहे: गाडी कुठली, कधी विकली, आम्ही कोण, आणि विकायची नसली तरी एकदा पाहू दिली तर आनंद होईल. किंमतीचा उल्लेख त्यात नाही. पहिल्याच पत्रात पैसे आले की मालक बिचकतो किंवा भाव चढवतो. जुन्या फोटोची प्रत जोडली आहे. चाळीस वर्षं गाडी सांभाळणाऱ्या माणसाला तिचं आधीचं रूप पाहायला मिळावं, हाही त्यामागचा हेतू आहे.