सातूची मुळं आणि शाईची बाटली: आठवडा ७

उशीर झालाय माहितीये, पण आज एकदाची मुळं रंगवून बघितली आणि मग राहवेना, म्हणून लगेच टाइप करतेय.

नवीन मंडळींसाठी: मुळातल्या बुरशीने पानावरच्या भुरीत (पांढरे ठिपके पाडणारा बुरशीचा रोग) काही फरक पडतो का ते बघतेय. सातूच्या नऊ कुंड्या, सगळी माती कुकरमध्ये वाफवलेली. तीन कुंड्यांत मायकोरायझाची पावडर (मुळात शिरून झाडाला मदत करणारी बुरशी), तीनमध्ये तीच पावडर पण वाफवून मारलेली (नाहीतर पावडरीतल्या बाकीच्या मालमसाल्याचा परिणाम कुठला आणि बुरशीचा कुठला हे कळणार कसं), आणि तीनमध्ये जिवंत मायकोरायझा अधिक डीएपी (फॉस्फरस आणि नायट्रोजनचं खत). हा तिसरा गट प्लॅनमध्ये नव्हता, सवयीने हात गेला, मग म्हटलं आता असू दे.

बारीक मुळं १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम केली (ग्लोव्हज आणि चष्मा घाला रे, कातडी सोलते), धुतली, मग व्हिनेगरमध्ये ५ टक्के फाउंटन पेनची शाई घालून तीन मिनिटं उकळली. पहिल्या बॅचला धीर धरला नाही, मुळं पारदर्शक व्हायच्या आधीच शाईत टाकली, सगळा निळा लगदा. दुसरी मात्र जमली, मायक्रोस्कोपखाली ४०० पटीवर पेशींच्या आत चक्क इवलीइवली झुडपं! हीच ती अर्बस्क्यूल, इथेच बुरशी झाडाला फॉस्फरस देते आणि साखर, चरबी घेते.

डीएपीवाल्या मुळांत शोधून शोधून डोळे दुखले. दोनचार धागे, झुडूप एकही नाही. फॉस्फरस आयता मिळाला की झाड बुरशीला फारसं आत घेत नाही हे वाचलेलं होतं, पण स्वतःच्या कुंडीत बघणं वेगळं.

आता भुरीचं. जिवंत गटातल्या दोन कुंड्यांत ठिपके स्पष्ट कमी, तिसरीत मारलेल्या गटाइतकेच. मुळातली बुरशी आणि पानावरची भुरी एकमेकींना कधी भेटतही नाहीत, बुरशी शिरली की झाडाचीच बचावयंत्रणा सावध होते आणि रोग आला की लवकर हलते, म्हणून लांबच्या पानावरही फरक पडू शकतो. तरी तीन कुंड्यांवरून मी काही जाहीर करणार नाही, शिवाय त्या दोन्ही खिडकीजवळ होत्या, हवा जास्त. डीएपीत सगळ्यात जास्त भुरी, पण तिथेही लगेच बुरशीच्या गैरहजेरीला धरू नका, डीएपीत १८ टक्के नायट्रोजन असतं आणि लुसलुशीत पानांवर भुरी तशीही खूश असते. म्हणजे माझा अपघाती गट निम्मा फुकट गेला.

पुढच्या वेळी डीएपीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट (त्यात नायट्रोजन नसतं), आणि कुंड्यांच्या जागा दर दोन दिवसांनी बदलायच्या. शिवाय सेरेंडिपिटा इंडिका ही मुळात राहणारी दुसरी बुरशी मिळवायचीये, थारच्या वाळवंटातली, आधी पिरिफॉर्मोस्पोरा म्हणायचे ती. २००५ मध्ये सातूवरच्या प्रयोगात तिने भुरी आणि फ्युजॅरियमची मूळकुज दोन्हींत फरक दाखवला होता, आणि मायकोरायझासारखे नखरे नाहीत, जिवंत मुळाशिवाय नुसत्या अगर प्लेटवरही वाढते. कुणी वाढवलीये का? प्लेटवर दुसरी बुरशी चढू नये म्हणून काय करता ते सांगा, माझ्या प्लेट्सवर आत्तापर्यंत फक्त हिरवा ट्रायकोडर्माच उगवलाय.