तुम्ही विचारलंत म्हणून: आमची साइट गुगलवर वर कधी येणार?

दापोलीत वेबसाइटची कामं करणाऱ्या माणसाला दोन प्रश्न चुकत नाहीत. पहिला, 'यंदा आंबा कसा आहे?' हा इथे सगळ्यांनाच विचारतात. दुसरा खास माझ्यासाठी: 'साइट केली, पैसे भरले, पण गुगलवर काही दिसत नाही. वर कधी येणार?' लग्नाच्या पंगतीला बसलो तरी शेजारचा कुणीतरी आमटीची वाटी पुढे करता करता विचारतोच. उभ्या उभ्या देण्यासारखं उत्तर नाही, म्हणून एकदा बसून लिहितो.

मी आधी उलटा प्रश्न विचारतो: काय शोधल्यावर वर यायचंय? बहुतेकांचं उत्तर 'दापोली हॉटेल' असं असतं. ते सोडून द्या. त्या दोन शब्दांवरच्या वरच्या जागा बुकिंगच्या बड्या कंपन्यांनी, जाहिरातींनी आणि गुगलच्या स्वतःच्या नकाशाने धरलेल्या असतात. चार खोल्यांच्या घराने तिथे डोकं आपटून काही व्हायचं नाही. आणि चार खोल्या भरायला अख्खा महाराष्ट्र कशाला हवा? ज्याला नेमकी तुमच्यासारखी जागा हवी आहे त्याची आणि तुमच्या पानाची गाठ पडली की काम झालं.

गुगलचा बॉट, म्हणजे आपोआप पानं वाचणारा प्रोग्राम, लिंक धरून एका पानावरून दुसऱ्या पानावर हिंडत असतो. दिसेल ते वाचतो, ठेवण्याजोगं वाटलं तर सूचीत टाकतो. कुणी काही शोधलं की त्या सूचीतून उत्तरं निघतात. म्हणजे सूचीतच नसाल तर पुढचं सगळं फोल. तपासणं सोपं आहे: गुगलच्या पेटीत इंग्रजीत 'साइट', लगेच कोलन आणि मध्ये जागा न सोडता आपला पत्ता टाका. पानं दिसली तर ठीक. एका वहिनींच्या साइटचं एकही पान दिसेना. पुरता हंगाम गेला, नेटवरून एक चौकशी नाही. वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये रीडिंग नावाचं पान असतं, तिथे सर्च इंजिनांना 'येऊ नका' सांगणारी एक चौकट असते. साइट बनत असताना करणाऱ्या मुलाने तिथे टिक केली होती आणि काम संपल्यावर ती काढायची राहिली. टिक काढली, सर्च कन्सोल या गुगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनातून पान पुन्हा तपासायला सांगितलं आणि थोड्याच दिवसांत साइट दिसायला लागली. वहिनींनी त्या मुलाला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

आता पानावर काय लिहिलंय ते. आपल्याकडे रस्त्याकडेला पाट्या असतात बघा: 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय. व्हेज-नॉनव्हेज. समुद्र 2 मिनिटे.' खाली बाण आणि फोन नंबर. रंगाऱ्याने रंगवलेली ती पाटी त्याच मालकाच्या वेबसाइटपेक्षा कितीतरी बरी असते. काय आहे, कुठे आहे, कुणाला उपयोगी, सगळं चार ओळींत. साइट उघडावी तर टायटल 'होम' आणि पहिली ओळ 'निसर्गाच्या कुशीत आपले सहर्ष स्वागत'. निसर्गाची कूस डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळ्यांकडेच आहे. टायटल म्हणजे गुगलच्या निकालात जी मोठी ओळ दिसते ती. तिथे 'कर्दे किनाऱ्याजवळ घरगुती राहण्या-जेवणाची सोय, ता. दापोली' असं सरळ लिहा. गुगल कधी कधी ती ओळ आपल्या मनाने बदलतं, बदलू दे. आपली आपण बरोबर ठेवावी. तिच्याखालच्या दोन ओळींच्या वर्णनाने नंबर वर जात नाही, पण क्लिक करायचं की पुढे जायचं हे माणूस ते वाचूनच ठरवतो. आणि दरपत्रक, मेनू, फोन नंबर हे व्हॉट्सअॅपवर फिरवलेल्या रंगीत फोटोत ठेवू नका. अक्षरांत टाइप करा. काही जण अजूनही पानाच्या पोटात, वाचणाऱ्याला न दिसणाऱ्या जागी, कीवर्डची म्हणजे लोक शोधतील अशा शब्दांची माळ घालतात आणि तिचे वेगळे पैसे लावतात. कीवर्डचा तो मेटा टॅग क्रम लावताना आपण पाहतच नाही, हे गुगलने 2009 सालीच जाहीर केलंय.

मग लिहायचं काय? इथे लोक माझ्याकडे बघत बसतात. मी म्हणतो, फोनवर काय बोलता ते लिहा.

शुक्रवारी संध्याकाळी कुठल्याही घरगुती सोय असलेल्या घरी जाऊन बसा. फोन वाजतच असतो. समुद्र चालत किती लांब? गाडी दारापर्यंत येते की पाखाडी उतरावी लागते? आईचे गुडघे दुखतात, खोली खाली मिळेल का? कमोड आहे ना? लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे का? शाकाहारी जेवण वेगळ्या भांड्यांत होईल का? कुत्रा आणला तर चालेल? खेडला गाडीतून उतरलो तर पुढे कसं यायचं? मालक एका हाताने फोन आणि दुसऱ्या हाताने दिव्यात तेल घालत असतो, आणि प्रत्येकाला न कंटाळता नीट सांगतो: खेड ते दापोली साधारण 30 किलोमीटर, एसटी आहे, रिक्षा आहे, रात्रीच्या गाडीने येणार असाल तर आधी कळवा, माणूस पाठवतो. यातला एक शब्द साइटवर नसतो! आणि हेच प्रश्न तो पुण्याचा माणूस फोन करण्याआधी गुगलला विचारून बसलेला असतो. तिथे उत्तर मिळालं नाही म्हणून तर फोन. ज्याला तुमचा नंबरच सापडला नाही, तो दुसरीकडे गेला.

म्हणून फोनशेजारी एक वही ठेवा आणि आलेला प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत लिहा. महागड्या कीवर्ड साधनांपेक्षा ती वही मला जास्त उपयोगी पडते. एका मालकांच्या वहीत जुलैभर एकच प्रश्न होता: 'ताजं पापलेट मिळेल ना?' आपल्या किनाऱ्यावर 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, हे शहरात फारसं कुणाला माहीत नसतं. काका प्रत्येकाला समजावून सांगायचे: बर्फातलं पापलेट मागून पैसे घालवू नका, त्यापेक्षा खाडीतलं मिळेल ते खा, खेकडे खा, फणसाची भाजी खा. तेच बोलणं जसंच्या तसं उतरवून मी 'पावसाळ्यात दापोलीला आल्यावर काय खायला मिळतं' असं पान केलं. काकांना वाटलं होतं, मासे नाहीत असं लिहिलं तर कोण येणार? पण पावसाळ्यातल्या चौकश्या नंतर त्या पानावरूनच यायला लागल्या. खरं बोलणाऱ्या माणसाकडे उतरायला लोकांना बरं वाटत असावं. गुगलला काय वाटतं ते गुगल जाणे.

मुरुडचं प्रकरण तर वेगळंच. आपलं मुरुड दापोली तालुक्यातलं, महर्षी कर्व्यांचं. पण नुसतं 'मुरुड बीच' शोधलं की बऱ्याचदा पुढे येतं ते रायगडातलं, जंजिऱ्याचं मुरुड. एक पाहुणे तिथे पोचले आणि 'तुमची पाटी दिसत नाही' म्हणून फोन केला. मध्ये राजपुरीची खाडी, बाणकोटची खाडी, आगरदांडा-दिघी आणि बागमांडला-वेशवी अशा दोन फेरीबोटी. पाहुणे कधी पोचले आणि काय म्हणाले, याची कल्पना करा. त्या मालकांच्या साइटवर तालुक्याचं नाव कुठेच नव्हतं, कारण गावातल्या माणसाला ते लिहावंसं वाटतच नाही. गाव, तालुका, जिल्हा, जवळचं स्टेशन, जवळची ओळखीची जागा, हे सगळं पानावर वाक्यांत आलं पाहिजे. इंग्रजी पानावर हर्णै, मालवण अशा नावांची जी दोन-तीन स्पेलिंगं चालतात तीही सहज बोलण्यात येऊ द्यात, माळ लावून नाही. मराठी पान करायचं असेल तर त्याला वेगळा पत्ता द्या आणि मशिनी भाषांतर करणारं बटण लावू नका. त्यातून कोळंबीचं काय होतं ते मी पाहिलंय.

फोटोंबद्दल एवढंच की मोबाइलवरून काढलेला पाच-पाच एमबीचा फोटो तसाच चढवू नका, लहान करून चढवा. गुगल आता साइट मोबाइलवर जशी दिसते तशीच वाचतं. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा अशी त्यांची अपेक्षा आहे, आणि तुमचा पाहुणा ताम्हिणीत येणाऱ्या-जाणाऱ्या रेंजवर ते उघडत असतो.

खरं सांगायचं तर चार खोल्यांच्या घराला साइटच्या आधी गुगल मॅपवरची नोंद हवी. बिझनेस प्रोफाइल म्हणतात ती. फुकट असते. 'गुगलकडून बोलतोय, नोंद चालू ठेवायला पैसे भरा' असा फोन आला तर ठेवून द्या. नोंद खरी करून घेताना आता बहुतेकदा व्हिडिओ मागतात: रस्ता, पाटी, तुम्ही स्वतः कुलूप उघडताय, असं दाखवायचं. पिन वाडीतल्या आपल्या दारावर टाका. शेजारच्या माडाच्या बागेत पडली तर गाड्या तिथेच शिरतात. नावात पाटीवर आहे तेवढंच नाव लिहा. 'बेस्ट एसी रूम्स नियर बीच' असं शेपूट जोडलं तर नोंद बंद होऊ शकते. रिव्ह्यू मागा, पण सूट देऊन नाही, तेही नियमात बसत नाही. वाईट रिव्ह्यूला उत्तर द्यायचं तर रात्री देऊ नका, सकाळी द्या. या नोंदीबरोबर पूर्वी गुगल एक फुकटची छोटी साइटही देत असे. मार्च 2024 मध्ये ती बंद झाली, आणि तो मेलेला पत्ता अजून कितीतरी कार्डांवर छापलेला आहे. म्हणून डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, स्वतःचं घ्या आणि स्वतःच्या नावावर घ्या. करणाऱ्याच्या नावावर राहिलं की भांडण झाल्यावर पाटीच त्याच्या घरी जाते.

आंबावाल्यांचं दुखणं निराळं. ते मार्चमध्ये पेटी बाजारात जायला लागली की माझ्याकडे येतात आणि मेअखेर साइटवरून पान काढून टाकतात. पुढच्या वर्षी नव्या पत्त्यावर नवं पान, म्हणजे दर वर्षी पहिल्यापासून सुरुवात. पान काढू नका. त्याच पत्त्यावर 'यंदाचा हंगाम संपला, पुढची नोंदणी अमुक महिन्यात' असं लिहून ठेवा आणि मोहोर यायच्या आधीच मजकूर ताजा करा. आणि 'अस्सल' हा शब्द सगळेच लिहितात, त्याने कुणाचं काही कळत नाही. बाग कुठल्या गावात, पेटीत किती डझन, फळाचं वजन काय, गवताच्या अढीत किती दिवस ठेवता, डाग निघाला तर काय करता, हे लिहा. हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर असे पाच जिल्हे आले. तेव्हा दापोलीच्या आंब्याला देवगड म्हणायची गरज नाही आणि म्हणूही नये.

आता 'कधी' याचं उत्तर. गुगलच्याच लोकांनी पूर्वी दिलेला अंदाज चार महिने ते एक वर्ष असा आहे, आणि मला तो पटतो. महिन्यात पहिल्या नंबरची हमी देणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, हेही गुगलनेच लिहून ठेवलंय. घाऊक बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंका, विकणारे त्याच जातीचे. विकत घेतलेल्या लिंका नियमाबाहेरच्या आहेत. त्यापेक्षा कासव महोत्सवाला येणाऱ्या पाहुण्यांना तुमच्याकडे पाठवणाऱ्या सहल संस्थेला म्हणावं, तुमच्या पानावर आमची लिंक द्या. तशी एक लिंक पुष्कळ झाली. पर्यटनाचा हंगाम दिवाळीत सुरू होतो, तेव्हा हे काम पावसाळ्यात करायचं. तेव्हा खोल्याही रिकाम्या असतात आणि मालकही.

आणि सर्च कन्सोल महिन्यातून एकदा तरी उघडा. तेही फुकट आहे. काय शोधल्यावर तुमचं पान दिसलं, किती जणांनी उघडलं, हे त्यात 16 महिन्यांपर्यंत मागचं दिसतं. दिसतंय पण कुणी उघडत नाही, अशा ओळी आधी बघायच्या. गेल्या खेपेला एका कोकमवाल्यांकडे बसलो होतो. त्यांचं दुकानाचं पान 'आगळ आणि कोकम सरबत यात फरक काय' या प्रश्नावर दिसत होतं, पण उघडत कुणी नव्हतं, कारण पानावर नुसती बाटली आणि किंमत. मी विचारलं, फरक काय? आतून सासूबाईंचा आवाज आला: 'आगळात मीठ, सरबतात साखर. आगळाचं सरबत करायला जाल तर तोंड वाकडं होईल. आगळ सोलकढीला.' सून तोवर लॅपटॉप उघडून बसली होती. म्हणाली, 'आई, जरा सावकाश सांगा, टाइप करतेय.'