रिकामी पुळण

शुक्रवार, रात्री

स्कॉटलंडच्या अलापूल बंदरातून लुईस बेटाकडे जाणारी संध्याकाळची फेरी मिळाली. ‘लॉख सीफोर्थ’ चांगली मोठी बोट आहे, तरी शेवटचा तासभर डुलत होती. पोटात ढवळत होतं आणि मी खुशीत होते, कारण इथे एवढं हलतंय तर पलीकडे अटलांटिकच्या अंगाला सर्फिंगला लाट नक्की असणार. निनाद म्हणाला, याला शास्त्र म्हणत नाहीत. असेल. स्टोर्नोवेला उतरून ऊइगकडे तासभर गाडी, एका वेळी एकच गाडी जाईल असा रस्ता, आणि रस्त्यावर बसलेल्या मेंढ्या. त्यांना उठायची अजिबात घाई नसते.

पोचल्यावर आईला फोन केला. गुहागरात पहाट व्हायला आली होती आणि ती जागीच होती.

“तिथे किनाऱ्यावर जीवरक्षक असतात का गं?”

“नाही.”

“मग?”

“निनाद उभा असतो काठावर.”

“त्याला पोहता येतं?”

“नाही.”

यावर ती जे बोलली ते इथे लिहीत नाही. शेवटी एवढंच म्हणाली, “उद्या अनंत चतुर्दशी आहे, लक्षात आहे ना?”

शनिवार

लक्षात होतंच. चतुर्दशी म्हणजे उधाण, हे आमच्या घरी कोणी शिकवावं लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ मिळते. चौदाची पाऊणपट साडेदहा. म्हणजे गुहागरच्या पुळणीवर आज साडेदहाच्या आसपास भरती. हाच हिशेब सवयीने इथे लावला आणि मग तक्ता उघडला, तर साडेदहाला इथे पाणी उतरत असणार आणि साडेबाराच्या आत पूर्ण ओहोटी. चंद्र दोन्हीकडे तोच, पण भरतीची लाट महासागरातून फिरत फिरत प्रत्येक किनाऱ्याला आपापल्या वेळी पोचते. आजोबांचं गणित इथे जवळजवळ अर्ध्या भरतीने चुकतं. त्यांना हे सांगायला फार आवडलं असतं.

बाकीचे आकडे मात्र मनासारखे होते. लाट तीन फूट, दोन लाटांमधलं अंतर बारा सेकंद, वारा आग्नेयेकडून, हलका. इथला पश्चिम किनारा अटलांटिककडे तोंड करून आहे, म्हणजे आग्नेयेचा वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो आणि लाटेला समोरून थोपवतो. लाट लगेच कोसळत नाही, क्षणभर उभी राहते. सर्फिंगवाले ज्याला ऑफशोअर म्हणतात तो हाच. उंचीपेक्षा सेकंदांकडे बघायचं, हे मला उशिरा कळलं. सहा सेकंदांची तीन फुटी लाट म्हणजे जवळच्या वाऱ्याने केलेला खळखळाट. बारा सेकंदांची तीन फुटी लाट लांबून, कुठल्यातरी वादळाकडून आलेली असते. ती खोलवरून हलते आणि उथळ पाण्यात आली की अंगावर येईल अशी उंच होते.

क्लिफ नावाची पुळण व्हॅल्टोस गावाच्या खालीच आहे. पांढरी वाळू, दोन्ही अंगांना काळे-करडे खडक. हा नाइस दगड सुमारे तीन अब्ज वर्षांचा आहे. आपला सह्याद्रीचा बेसॉल्ट साडेसहा कोटींचा, म्हणजे याच्यापुढे कालचं पोर. पाण्याचा रंग इतका निळा-हिरवा की फोटो पाठवला तर लोक विचारतात, अंदमानला गेलीस का? तापमान तेरा अंश.

ही जागा पोहायला धोक्याची म्हणूनच ओळखली जाते, म्हणून आधी वीस मिनिटं नुसतं वर उभं राहून बघितलं. डावीकडे खडकांच्या कडेला, दोन फेसाळ पट्ट्यांच्या मधोमध एक गडद, गुळगुळीत पट्टा होता. नवख्या माणसाला वाटतं, तिथून जावं, तिथे लाटा नाहीत. तिथे लाटा नाहीत कारण किनाऱ्यावर आलेलं सगळं पाणी तिथूनच परत जातंय. अशा ओढीत सापडलं तर उलट्या दिशेने झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर जाऊन बाहेर पडायचं, किंवा नुसतं तरंगून हात वर करायचा. चांगले सर्फर हाच पट्टा फुकटची लिफ्ट म्हणून वापरतात. मी चांगली सर्फर नाही. मी उजवीकडे गेले.

निनादचे नियम ठरलेले आहेत. शिट्टी गळ्यात. फोनला रेंज कुठे येते ते आधी बघून ठेवायचं (आज गाड्या लावतात त्या उंचवट्यावर). काही झालं तर 999 वर कोस्टगार्ड मागायचा, स्टोर्नोवेला त्यांचं हेलिकॉप्टर असतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याने स्वतः पाण्यात उतरायचं नाही. हा नियम त्याला पटतो का, मला माहीत नाही. त्याने मान डोलावली एवढं खरं.

वेटसूट चढवणं हा वेगळाच व्यायाम. छाती-पाठीला पाच मिलिमीटर, हातापायांना चार, त्यावर हूड, बूट, हातमोजे. आईची समजूत आहे की आत पाणी जात नाही. जातं, चांगलं मानेतून पाठीवर ओघळत जातं, आणि त्या क्षणी तोंडातून जे बाहेर पडतं ते चतुर्दशीच्या दिवशी शोभणारं नसतं. ऊब टिकते ती निओप्रीनमध्ये कोंडलेल्या वायूच्या बारीक बुडबुड्यांमुळे. तोंड मात्र उघडंच. पहिल्या लाटेखालून गेलं की कपाळात अशी कळ येते की दोन्ही डोळे मिटतात. पहिली दोन-तीन मिनिटं काहीही करायचं नाही, कंबरभर पाण्यात उभं राहून श्वास ताळ्यावर येऊ द्यायचा. गार पाण्यात माणसं बहुतेकदा गारठून जाण्याच्या कितीतरी आधी, या पहिल्या धापेतच घाबरून पाणी गिळतात.

मग मजा.

माझा आठ फुटी मऊ बोर्ड, पायाला लीश, म्हणजे बोर्डाला जोडलेली दोरी. आधी फुटलेल्या लाटांच्या फेसावर. पालथं पडायचं, मागून गुरगुर ऐकू आली की हात मारायचे, बोर्डाची शेपटी उचलली जाते, दोन्ही तळवे छातीपाशी दाबून एका झटक्यात उभं राहायचं. सांगायला तीन सेकंद. मला अजूनही मध्ये गुडघा टेकायची सवय आहे, आणि गुडघा टेकला की संपलं. पाय कुठे पडतात ते बघायला खाली मान घातली तर तुम्ही जाताही खालीच. जिकडे नजर, तिकडे बोर्ड. त्यामुळे उंचवट्यावरचं निनादचं लाल जाकीट धरलं. ते दिसलं आणि मी उभी होते, बोर्ड वाळूपर्यंत धावत गेला, आणि मी अगदी उथळ पाण्यात उडी मारून एकटीच ओरडले. “मोरया!” असं ओरडले. दुसरं काही सुचलंच नाही.

दोन तास पाण्यात होते. एक सील वीसेक हातांवर डोकं वर काढून बघत राहिला. लांब गॅनेट पक्षी पंख मिटून उंचावरून पाण्यात सूर मारत होते. माणूस एकही नाही. तिकडे गिरगाव चौपाटीवर या वेळी मुंगीला शिरायला जागा नसेल. गुहागरात सार्वजनिक गणपती पुळणीवर येऊन थांबले असतील, ढोल वाजत असतील, आणि आम्हा मुलींना काठावर जे ऐकवलं जायचं ते आजही कोणीतरी कोणालातरी ऐकवत असेल: घोट्याच्या पुढे जायचं नाही. पागोळ्या पडायच्या तिथून हाकेवर समुद्र असलेल्या घरात वाढले आणि पोहायला शिकले ते इन्व्हर्नेसच्या तरणतलावात, नोकरी लागल्यावर.

रविवार

पाऊस. वारा फिरून समुद्राकडून. लाटांचा नुसता चिखल झाला होता.

सकाळी ओला वेटसूट बाहेरच्या दोरीवर टाकत होते, तर शेजारच्या घरमालकीणबाई आल्या. फार संकोचाने म्हणाल्या, तसं काही नाही, पण आज रविवार आहे. लुईसवर रविवारी दोरीवर कपडे वाळत घालत नाहीत. प्रार्थनेचा आणि विश्रांतीचा दिवस. स्टोर्नोवेहून रविवारची फेरी सुरू झाली तीच मुळी 2009 मध्ये, आणि तेव्हा धक्क्यावर विरोध करायलाही माणसं होती. सूट न्हाणीघरात टांगला. पावसात तो वाळणार तरी काय होता म्हणा. मला बाईंचा राग आला नाही. उलट त्यांनी सांगितलं हे बरं वाटलं. पाहुण्याला न सांगता मागून बोलणारे पुष्कळ असतात.

दुपारी उघडीप मिळाली तेव्हा शेजारच्या रीफ गावाकडे चालत गेलो. तिथे एक दगडी स्मारक आहे. इंटरनेटवर या किनाऱ्यांबद्दल जे लिहिलेलं असतं, ‘अस्पर्श’, ‘माणसाचा वावर नाही’ वगैरे, ते त्या दगडांपाशी उभं राहिल्यावर अवघड वाटायला लागतं. वावर होता. 1850 च्या सुमाराला हे गाव उठवलं आणि जमीन मेंढपाळीला दिली. पुढे 1913 मध्ये जमीन नसलेल्या लोकांनी ती परत घ्यायला इथे घुसखोरी केली, त्यांना पकडलं, आणि पहिल्या महायुद्धानंतरच कुठे इथे पुन्हा घरं उभी राहिली. काल मी ज्या मोकळेपणावर खूश होते, तो कोणीतरी हुकूम काढून केलेला आहे.

त्या काळी हे अख्खं बेट जेम्स मॅथेसनचं होतं. त्याने 1844 मध्ये एक लाख नव्वद हजार पौंडांना विकत घेतलं. जार्डीन मॅथेसन कंपनीतला मॅथेसन तो हाच, म्हणजे पैसा चीनच्या व्यापारातला, आणि त्यात मोठा वाटा अफूचा. निनाद पावसात हे वाचत बसला होता. मध्येच म्हणाला, “अगं, ही अफू आपलीच की!” माळव्याची अफू मुंबई बंदरातून कँटनला जायची आणि या कंपनीचे मुंबईतले मोठे भागीदार होते सर जमशेटजी जीजीभॉय. ते आणि जार्डीन 1805 मध्ये एकाच जहाजावर होते, तेव्हा फ्रेंचांनी ते जहाज पकडलं, तिथून ही ओळख. जमशेटजींच्या देणगीतून जे.जे. रुग्णालय उभं राहिलं, जे.जे. कला विद्यालय उभं राहिलं. माझे मामा तिथे शिकले. आमच्या माजघरातलं समुद्राचं चित्र त्यांचंच.

मॅथेसनला नुसता राक्षस करून मोकळं होता येत नाही. बटाट्याचं पीक गेलं तेव्हा त्याने धान्य आणवलं, रस्ते बांधायची कामं काढली, त्याबद्दल बॅरोनेट ही पदवीही मिळाली. आणि 1851 पासून 1855 पर्यंत त्याच्याच इस्टेटीने सतराशेहून जास्त बेटकरांना जहाजात बसवून कॅनडाला पाठवलं. भाडं इस्टेटीने भरलं. किती जण राजीखुशीने गेले असतील, कोण जाणे. त्याचा वाडा स्टोर्नोवेच्या बंदरासमोर अजून आहे, फेरीतून उतरताना समोरच दिसतो, आणि त्याला लागूनच आता संग्रहालय आहे.

व्हॅल्टोसची जमीन मात्र 1999 पासून गावकऱ्यांच्याच ट्रस्टकडे आहे. म्हणजे काल ज्या पुळणीवर मी ‘मोरया’ ओरडले तिला आता गावच मालक आहे. निनाद म्हणाला, तू फार विचार करतेस, लाट ती लाट. मला ते पटत नाही आणि खोडताही येत नाही.

सोमवार

पहाटे वारा पडला होता. सहा-सातला भरती, म्हणून नऊपर्यंत थांबलो. खाली गेलो तर आधीच एक व्हॅन उभी. दोघं जण पाण्यात, त्यातला एक जवळच्या समुद्रातल्या साल्मन माशांच्या शेतीवर कामाला आहे, दुसरी त्याची बहीण. मी पोचले तेव्हा तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “आज गर्दी आहे.”

त्यांना बघून किती बरं वाटलं, याचं मलाच नवल वाटलं. शनिवारी माणूस नाही म्हणून खूश होते, आणि आज दर लाटेनंतर मी त्यांची डोकी मोजत होते. तेही माझं डोकं मोजत असणार. तो येता-जाता सांगत होता: अजून थोडी आत ये, इथे वाळूचा उंचवटा आहे, लाट इथेच उभी राहते, फेसावर किती दिवस काढणार? मग मी तिथे जाऊन बसले आणि न फुटलेली हिरवी लाट पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिली. एकीला हात मारले. बोर्डाचं नाक खाली गेलं आणि मी डोक्यावरून पलटी खाऊन वाळूत. दुसरीला त्याची बहीण आधीपासून उभी होती, तेव्हा मी मागे झाले. ज्याची लाट आधी, त्याच्या वाटेत यायचं नाही, हा नियम तीन माणसांतही लागू. तिसरीवर उभी राहिले. तिरकी गेले, सरळ किनाऱ्याकडे न जाता लाटेच्या अंगावरून. किती वेळ, ते निनादला विचारलं. तो म्हणाला, मी तेव्हा थर्मास उघडत होतो.

गोड्या पाण्याने सगळं धुतलं. आज सोमवार, त्यामुळे सूट राजरोस दोरीवर. घरमालकीणबाईंनी स्टोर्नोवेचं ब्लॅक पुडिंग देऊ केलं, आम्ही शाकाहारी म्हटल्यावर त्यांना खरोखर वाईट वाटलं आणि त्यांनी ओटचे केक दिले.

आता बोटीच्या रांगेत गाडीत बसून लिहितेय. त्या माणसाने सांगितलंय, खऱ्या लाटा हिवाळ्यात. डिसेंबरात इथे उजेड साडेसहा तासही नसतो आणि पाणी आठ-नऊ अंशांवर येतं. तेव्हा सहा मिलिमीटरचा सूट लागेल, हातमोजे पाचचे. निनाद दुकानांच्या किमती बघतोय आणि ‘हं’ एवढंच म्हणतोय. त्याला मी पोहण्याच्या वर्गात नाव घालायला सांगितलंय. वर्ग गुरुवारी असतो, संध्याकाळी सातला. आईला हे आधी कळवते.