एसी लावला की गाडी थंड, बंद केला की गरम! जुन्या गाडीच्या ओव्हरहीटिंगचा माझा अनुभव

बाबांची 2005 ची पेट्रोल हॅचबॅक अजून मीच चालवतो, विकायला मन होत नाही आणि विकून तरी असे कितीसे येणार. तर ही गाडी उन्हाळा सुरू झाल्यावर गरम व्हायला लागली. माझा रूट म्हणजे घोडबंदर रोडवरून माजिवडा, मग कळवा ब्रिज, विटावा आणि पुढे ठाणे-बेलापूर रोडने महापे. सकाळी जाताना काही नाही, टेंपरेचरचा काटा जागेवर. संध्याकाळी परत येताना कळवा नाक्याला गाडी रखडली की काटा हळूहळू चढायचा, माजिवड्याच्या फ्लायओव्हरपर्यंत लालच्या जवळ, आणि रस्ता मोकळा मिळाला की आपोआप खाली.

एकदा कळव्याच्या आधीच बॉनेटमधून वाफ यायला लागली. बाजूला घेतली, हीटर फुल गरमवर आणि ब्लोअर फुल केला (घाम काय निघाला विचारू नका, पण इंजिनची थोडी उष्णता त्या वाटेने बाहेर पडते) आणि काटा जरा खाली आल्यावर बंद केली. एक रिक्षावाला चांगल्या मनाने पाण्याची बाटली घेऊन आला, "झाकण उघडा ना साहेब, पाणी मारू." मी म्हटलं दादा, आता हात लावायचा नाही. गरम असताना रेडिएटर कॅप उघडली तर उकळतं पाणी थेट तोंडावर येतं, आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला (इंजिनच्या वरच्या भागाला) तडा जायची भीती. मग आम्ही दोघं तसेच उभे, तो मला सांगत होता की मीटर कितीला झालं.

दुसऱ्या दिवशी जवळच्या गॅरेजवाल्याने रिझर्व्ह बॉटलमध्ये (रेडिएटरमधलं जास्तीचं पाणी जिथे जातं ती बाटली) बुडबुडे बघितले आणि निकालच दिला, हेड गॅस्केट (हेड आणि खालच्या इंजिन ब्लॉकच्या मधलं सील) गेलंय, हेड उतरवून फेसिंग, म्हणजे घासून सपाट करायला लागेल, 20-25 हजार धरून चाला. अहो पण गाडी उकळत असताना बुडबुडे येणारच ना! गॅस्केट गेलं असेल तर इतर खुणा असतात, ऑइल फिलर कॅपच्या आत दुधाळ चिकट थर, सायलेन्सरमधून सतत पांढरा गोडसर वासाचा धूर, थंड इंजिन स्टार्ट केल्या केल्या रेडिएटरच्या तोंडाशी न थांबणारे बुडबुडे. आमच्याकडे यातलं एकही नाही. तरी मनात किडा नको म्हणून वागळे इस्टेटमधल्या एका रेडिएटरवाल्याकडून ती निळ्या लिक्विडची टेस्ट करून घेतली, रेडिएटरच्या तोंडावर नळी लावून आतली हवा त्या लिक्विडमधून ओढतात, सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात येत असेल तर निळ्याचं पिवळं होतं. निळंच राहिलं.

आता खरी गंमत. सगळे सांगत होते एसी बंद ठेव, लोड कमी होईल, आणि एरवी हा सल्ला बरोबरच आहे कारण एसीच्या कंडेन्सरची (रेडिएटरच्या पुढे बसवलेली एसीची जाळी) गरम हवा रेडिएटरवरच येते. पण एका संध्याकाळी बायको बरोबर होती म्हणून एसी चालू होता, त्या दिवशी कळवा नाक्यावर नेहमीपेक्षा घाण ट्रॅफिक, आणि काटा हललाच नाही! तेव्हा डोक्यात आलं की सकाळी मी एसी लावून जातो (शर्ट भिजू नये म्हणून) आणि येताना काचा खाली. म्हणजे सकाळ-संध्याकाळचा संबंधच नाही, एसीचा आहे. आमच्या गाडीत फॅन एकच. एसी लावला की तो फिरतोच, आणि एसी बंद असताना रेडिएटरच्या खालच्या बाजूला बसवलेला थर्मो स्विच पाणी ठराविक गरम झालं की फॅन चालू करतो. स्पीडमध्ये समोरून वारा येतो म्हणून फॅनची गरज पडत नाही, उभ्या गाडीत मात्र सगळं त्याच्यावरच.

पार्किंगमध्ये इग्निशन ऑन करून स्विचचं कनेक्टर काढलं आणि त्याच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडल्या, फॅन लगेच घुर्रर्र. म्हणजे मोटर ठीक, फ्यूज ठीक, रिले ठीक, मेलाय तो फक्त स्विच. (सगळ्याच गाड्यांत हे करू नका हं, नंतरच्या बऱ्याच गाड्यांत फॅन ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) चालवतो, तिथे सेन्सर असतो आणि वायर जोडायचा खेळ महागात पडू शकतो.) स्विच हजाराच्या आत मिळाला. फॅन वेळेवर लागायला लागला.

पण पाणी कमी होणं थांबेना. दर थोड्या दिवसांनी रेडिएटर भरायचा आणि बॉटल मात्र गळ्यापर्यंत भरलेली. मग एका सकाळी बॉनेट उघडलं तर वरचा रबरी होज चपटा, कोणीतरी मुठीत दाबून ठेवल्यासारखा आत गेलेला, आणि कॅप सैल केली तर फस्स करून हवा आत गेली नि होज परत गोल झाला. लोकांना वाटतं कॅप म्हणजे नुसतं झाकण, पण कुकरच्या शिट्टीसारखं तिचं काम आहे, आत प्रेशर धरून ठेवायचं. आमच्या कॅपवर 0.9 छापलंय, म्हणजे 0.9 बार, तेवढ्या प्रेशरला साधं पाणीसुद्धा 100 च्या ऐवजी 118-119 डिग्रीला उकळतं. आणि कॅपच्या मधोमध एक छोटा व्हॉल्व्ह असतो, इंजिन गार झालं की तो उघडून बॉटलमधलं कूलंट परत आत ओढू देतो. तो गंजून चिकटला होता. त्यामुळे पाणी बाहेर जायचं पण परत यायचं नाही, आणि आत व्हॅक्यूम होऊन होज चपटा. नवीन कॅप टाकली, जुन्याच आकड्याची. जास्त प्रेशरची टाकू नका, जुन्या गाडीत मग होज किंवा रेडिएटरची प्लास्टिक टाकी फुटायची.

कूलंट बदलायचं होतंच तर म्हटलं थर्मोस्टॅटपण (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) बघून घेऊ. हाऊसिंग उघडलं, आत काहीच नाही! बाबांना विचारलं तर एकदम शांतपणे, "अरे तो कधीच काढलाय, आपल्या जुन्या मेकॅनिकने. थंड प्रदेशातल्या गाड्यांना लागतो तो, आपल्याकडे नाही लागत." हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. थर्मोस्टॅट नसला की हायवेला इंजिन नीट गरमच होत नाही, इंजेक्शनवाली गाडी मग स्वतःला थंड समजून जास्त पेट्रोल मारते, मायलेज जातं. आणि वर ट्रॅफिकमध्ये गरम होणं काही थांबत नाही, कारण फॅनचं काम थर्मोस्टॅट काढून होत नाही ना. नवीन आणला, 82 चा. बसवायच्या आधी आईच्या जुन्या पातेल्यात दोऱ्याला बांधून पाण्यात टांगला, थर्मामीटर लावून गॅसवर ठेवला, 82-83 ला उघडायला लागला आणि पंच्याण्णवच्या आसपास पूर्ण उघडला. बसवताना त्याची ती छोटी हलणारी पिन वरच्या बाजूला, अडकलेली हवा तिथून निघते.

फ्लश केलं तेव्हा चहाच्या रंगाचं पाणी आलं, वर्षानुवर्षं नळाचं पाणी टॉपअप केल्याचा गाळ. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत घोडबंदरची सगळी धूळ, किडे, एक प्लास्टिकचा तुकडा. इंजिनच्या बाजूने बाहेर असं हलक्या धारेने धुतलं, जोरात मारलं तर पत्र्या वाकतात. रेडिएटरवाला म्हणाला हा अ‍ॅल्युमिनियमचा आहे, पितळेचा असता तर रॉड मारून साफ करून दिला असता, पण अजून चालेल. मग डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट 50-50. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून काहीजण कूलंट कमी घालतात, पण गंज रोखणारी केमिकल्स त्यातच असतात म्हणून मी हात आखडता घेतला नाही. जुनं कूलंट कॅनमध्ये भरून रेडिएटरवाल्याला दिलं, ते गोड लागतं म्हणून कुत्री चाटतात आणि मरतात, सोसायटीत आमच्याकडे चार-पाच आहेत.

हवा काढायला गाडी बेसमेंटच्या रॅम्पवर नाक वर करून लावली, कॅप थंड असतानाच उघडून ठेवलेली, हीटर गरमवर, वरचा होज अधूनमधून दाबत राहायचं, भक् भक् करून बुडबुडे निघतात आणि लेव्हल खाली जाते, ती भरत राहायची, फॅन दोनदा लागून बंद झाला की कॅप लावायची. हे घाईत केलं तर बाकी सगळं करून पण गाडी परत तापते.

नंतर रविवारी मुद्दाम गायमुख घाटाकडे गेलो, पुढे कंटेनर बंद पडलेला, एसी बंद, कडक ऊन. फॅन लागायचा, बंद व्हायचा, काटा अर्ध्याच्या किंचित खाली. बाबांना तेही पटत नाही, "आधी एवढा वर नसायचा रे," कारण थर्मोस्टॅट नसल्यामुळे इतकी वर्षं तो तळालाच बघायची सवय.

आता एकच राहिलंय, वॉटर पंपाच्या खालच्या छोट्या भोकाशी (पंपाचं सील जायला लागलं की कूलंट तिथूनच गळतं) हिरवट सुकलेला डाग दिसतोय. अजून टपकत नाही. टायमिंग बेल्ट बदलायचाच आहे, त्यासाठी तो भाग खोलणारच आहेत, तेव्हा पंपही करून घेतो, नाहीतर मजुरी दोनदा.