घरच्या बागेतील नोंदी : मावा, मुंग्या आणि मित्रकीटक

या हंगामात चवळीच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा (झाडाचा रस शोषणारी बारीक कीड) दिसू लागला, तेव्हा फवारणीची बाटली लगेच उचलायची नाही, असे आधीच ठरवले होते. रासायनिक कीटकनाशके घरच्या बागेतून केव्हाच हद्दपार झाली आहेत. प्रश्न होता तो कडुनिंब आणि साबण यांचाही वापर किती कमी करता येईल, याचा. बिनविषारी म्हणून दर आठवड्याला डोळे मिटून केलेली फवारणी ही अखेर फवारणीच असते, आणि तिच्यामुळे किडींबरोबर त्यांच्यावर जगणारे कीटकही जातात, असे माझे मत होत चालले आहे.

अडचण गणिताची आहे. माव्याच्या मादीला पिल्ले देण्यासाठी नराची गरज लागत नाही, आणि उबदार हवेत तिचे पिल्लू आठवड्या-दहा दिवसांत स्वतः पिल्ले देऊ लागते. उलट मावा खाणाऱ्या लेडीबर्ड भुंगेऱ्याला अंड्यापासून प्रौढ होईपर्यंत सुमारे तीन ते चार आठवडे लागतात, आणि पुरेसे खाद्य दिसल्याखेरीज मादी तेथे अंडी घालायला फारशी येत नाही. त्यामुळे माव्याने आघाडी घेणे आणि भक्षकांनी मागून येऊन त्याला गाठणे हा क्रम ठरलेलाच आहे. बागकाम करणाऱ्याने सांभाळायचा असतो तो या दोहोंमधला काळ, आणि बहुतेकांचा धीर नेमका तेव्हाच सुटतो.

हा काळ लांबवण्याचे काम मुंग्या करतात. मावा झाडाचा रस शोषतो आणि त्यातील जादा साखर चिकट, गोड थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतो. मुंग्यांना तो गोडवा हवा असतो, म्हणून त्या माव्याची राखण करतात आणि लेडीबर्डच्या अळ्यांना चावून हुसकावून लावतात. हेच थेंब खालच्या पानांवर पडून त्यांवर काळी बुरशी वाढते, आणि अनेक जण त्या काजळीलाच मूळ रोग समजून बुरशीनाशकाच्या मागे लागतात. म्हणून या वेळी माव्याला हात न लावता आधी मुंग्यांची वाट बंद केली. कुंड्यांच्या स्टँडचे पाय पाणी भरलेल्या वाट्यांत ठेवले, जाड खोडांवर कागदाची पट्टी गुंडाळून तिच्यावर चिकट लेप दिला (लेप थेट सालीवर लावू नये), आणि भिंतीला किंवा शेजारच्या झाडाला टेकणाऱ्या फांद्या छाटल्या. ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची ठरली, कारण एक पान जरी भिंतीला लागलेले असले तरी मुंग्या तेवढ्या पुलावरून ये-जा करतात आणि खालचा सगळा बंदोबस्त वाया जातो.

वाट बंद झाल्यावर चवळीवरचे चित्र पालटत गेले. प्रथम मावा खाणाऱ्या सिरफिड माशीच्या अळ्या दिसल्या. त्यांना पाय नसतात, रंग फिकट हिरवा आणि अर्धपारदर्शक असतो, आणि माव्याच्या गर्दीत त्या सहज नजरेतून सुटतात. त्यानंतर भिंगातून पाहताना माव्यांमध्ये फुगलेली, तपकिरी, कागदासारखी कोरडी कवचे आढळली. परोपजीवी गांधीलमाशी माव्याच्या शरीरात अंडे घालते, तिची अळी त्याला आतून पोखरते आणि माशी पूर्ण वाढली की कवचाला गोल भोक पाडून बाहेर पडते. काही कवचांवर कापलेली गोल चकती डब्याच्या झाकणासारखी एका बाजूने अजून लटकत होती. अशी कवचे असलेली पाने कीडग्रस्त म्हणून तोडून टाकू नयेत, कारण गांधीलमाशीची पुढची पिढी त्यांतूनच बाहेर येते. सर्वांत शेवटी लेडीबर्डच्या काळपट, लांबुळक्या आणि नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या आल्या. प्रौढ भुंगेरा सर्वांना ओळखू येतो, पण त्याची अळी दिसायला इतकी उग्र असते की ती कीड समजून चिरडली जाते.

जास्वंदीवरील पिठ्या ढेकणांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या अंगावरील मेणचट पांढऱ्या थरामुळे साबणाचे पाणी आतपर्यंत पोहोचत नाही, म्हणून आधी पाण्याच्या जोरदार धारेने आणि मऊ ब्रशने थर मोडून मगच फवारावे लागते. मात्र त्यापूर्वी भिंग लावून पाहणे आवश्यक आहे : क्रिप्टोलिमस नावाच्या भक्षक भुंगेऱ्याची अळी पिठ्या ढेकणासारखीच पांढऱ्या मेणाच्या झालरी घेऊन फिरते. ती आकाराने मोठी, झालरीने लांब आणि चालीने बरीच चपळ असते, आणि ती दिसली तर ब्रश बाजूला ठेवावा. कॅलिफोर्नियातील संत्र्यांच्या बागांना 1888-89 मध्ये ऑस्ट्रेलियातून आणलेल्या व्हेडेलिया भुंगेऱ्याने खवले किडीपासून वाचवले होते, आणि पुढे 1940 च्या दशकात डीडीटीच्या फवारणीने हा भुंगेरा नाहीसा झाला तेथे तीच कीड पुन्हा उसळली. घरच्या दहा-वीस कुंड्यांतही हिशेब तोच आहे.

फवारणी करावीच लागली तर ती फक्त किडलेल्या भागापुरती आणि संध्याकाळी करतो. निंबोळी अर्कासाठी लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्यांची भरड रात्रभर भिजवून, गाळून, त्यात थोडा साबण मिसळला की 5 टक्के अर्क तयार होतो. त्यातील अझाडिरॅक्टिन किडीची भूक मारते आणि तिची कात टाकण्याची क्रिया बिघडवते, म्हणून परिणाम दिसायला काही दिवस जातात; उन्हात ते लवकर निकामी होते, म्हणून संध्याकाळची वेळ. साबण अंगावर पडला तरच काम करतो आणि वाळल्यावर त्याचा उपयोग संपतो. कपडे धुण्याची पावडर वापरू नये, तिने पाने करपतात. लसूण-मिरचीच्या अर्काचे गुणगान पुष्कळ ऐकले आहे, पण मित्रकीटक कामाला लागलेले असताना असा झणझणीत प्रयोग करण्याचे कारण मला दिसत नाही.

पिवळे चिकट सापळे आता केवळ टेहळणीसाठी ठेवले आहेत, कारण त्यांवर पांढऱ्या माशीबरोबर गांधीलमाश्याही अडकतात. कोथिंबीर आणि बडीशेप यांची काही रोपे मुद्दाम फुलोऱ्यावर सोडली, कारण प्रौढ सिरफिड माशीला मध आणि पराग लागतात आणि या बारीक फुलांतील मध तिच्या तोंडाला सहज पोहोचतो. खताच्या बाबतीत पेंडीचे पाणी निम्म्यावर आणले आहे. नत्र जास्त झाले की शेंडे लुसलुशीत होतात आणि मावा नेमका तेथेच बसतो.

वांग्याचा शेंडा पोखरणाऱ्या अळीला मात्र यांतील काहीही लागू पडत नाही, कारण ती खोडाच्या आत असते आणि तेथे साबण किंवा निंबोळी पोहोचत नाही. मान टाकलेला शेंडा भोकाच्या खाली, निरोगी हिरवा गर लागेपर्यंत कापतो, उभा चिरून आत अळी असल्याची खात्री करतो आणि मग नष्ट करतो. तो कंपोस्टमध्ये टाकत नाही, कारण अळी त्यातून बाहेर पडून पालापाचोळ्यात कोष करू शकते. पुढील नोंदीपर्यंत वांग्याच्या कुंड्यांवर बारीक जाळी घालून पाहणार आहे. वांग्याच्या फुलात परागीभवन बहुतांशी स्वतःचे स्वतःच होत असल्यामुळे, फुलोऱ्याच्या काळात फांद्या हलक्या हाताने हलवल्या तर फळधारणेला अडचण येऊ नये.