सोळा वर्षांच्या परीक्षकांपुढे कादंबरी

फ्रान्समध्ये ऑगस्ट संपत आला की पुस्तकांच्या दुकानांत नव्या कादंबऱ्यांचा पूर येतो. साडेचारशे-पाचशे कादंबऱ्या दोन-अडीच महिन्यांत बाजारात उतरतात, कारण नोव्हेंबरात मोठे पुरस्कार असतात. त्यातला सर्वांत मानाचा गोंकूर. एदमों द गोंकूर या लेखकाने मृत्युपत्रात तशी तजवीज करून ठेवली होती आणि त्याच्या नावाची दहा जणांची अकादमी १९०३पासून हा पुरस्कार देते आहे. पॅरिसमधल्या द्रुआं नावाच्या रेस्टॉरंटमध्ये हे दहा जण जेवायला बसतात आणि तिथेच निकाल लागतो. पुरस्काराची रक्कम फक्त १० युरो. पण त्या पुस्तकावर गोंकूरची लाल पट्टी चढली की ते हातोहात खपतं.

ही बातमी दरवर्षी भारतापर्यंतही पोहोचते. मला सांगायचं आहे ते या पुरस्काराच्या धाकट्या बहिणीबद्दल, म्हणजे शाळकरी मुलं निवडतात त्या गोंकूरबद्दल. आम्ही ज्या शहरात राहतो, त्या रेनमध्येच तिचा जन्म झाला. रेन म्हणजे पश्चिमेकडच्या ब्रतान्य प्रांताची राजधानी. ऑक्टोबर लागला की इथे आभाळ खाली उतरतं आणि बारीक पाऊस दिवसभर रेंगाळतो. वाचायला याहून चांगली हवा नाही.

१९८८ साली फ्नाक ही पुस्तकविक्रेती कंपनी आणि इथलं शिक्षण खातं यांनी गोंकूर अकादमीच्या संमतीने एक प्रयोग सुरू केला. थोरल्या गोंकूरसाठी निवडलेली पंधराएक कादंबऱ्यांची यादी जशीच्या तशी शाळकरी मुलांच्या हातात द्यायची आणि निकाल त्यांनीच लावायचा. आज देशभरातले पन्नासहून जास्त वर्ग, म्हणजे सुमारे २,००० मुलंमुली, दरवर्षी यात उतरतात. वयं पंधरा ते अठरा. पुस्तकांच्या प्रती फ्नाक पुरवते. मुलांना दोन महिने मिळतात, लेखक त्यांच्या भेटीला येतात, मग वर्गात चर्चा, त्यानंतर विभागवार बैठका आणि शेवटची बैठक रेनमध्ये. शिक्षकांना मत नाही. सोपी केलेली आवृत्ती नाही, गाळलेली पानं नाहीत, मुलांसाठी वेगळी यादीही नाही. जे द्रुआंमध्ये बसलेल्या पिकल्या केसांच्या मंडळींनी वाचलं, तेच अकरावीतल्या पोरांनी वाचायचं.

आणि यातली माझ्या सर्वांत आवडीची गोष्ट म्हणजे हे वर्ग फक्त हुशार मुलांच्या नावाजलेल्या शाळांतले नसतात. आपल्याकडच्या आयटीआयशी नातं सांगणाऱ्या व्यावसायिक शाळा इथे आहेत. सुतारकाम, स्वयंपाक, मोटारदुरुस्ती शिकणारी मुलं तिथे असतात. शेतकी शाळा आहेत. त्यांचे वर्गही याच यादीवर बसतात आणि त्यांच्या मताला तेवढंच वजन असतं. ज्या पोराला आजवर कोणी 'तुला ही कादंबरी कशी वाटली' असं विचारलं नाही, त्याच्या हातात एका लेखकाचं नशीब दिलं जातं. नुसतं 'वाचा, वाचा' म्हणण्यापेक्षा हे मला फार मोलाचं वाटतं.

२०२१ साली माझ्या लेकीचा वर्ग निवडला गेला. सप्टेंबरात पुस्तकांचे खोके शाळेत आले आणि आमच्या घरातला मोबाइल बऱ्यापैकी गप्प झाला. वर्गात मास्क लावून बसायचे ते दिवस. पुस्तकं फिरत होती, एकमेकांकडून ओढून घेतली जात होती. जिच्याकडे जे असेल ते तिने आठवड्यात संपवून पुढे द्यायचं असा अलिखित करार होता. प्रत्येकाकडे एक वही. वहीत कथानक लिहायचं नाही, ते सगळ्यांना माहीतच असतं. लिहायचं ते आपल्याला कुठे अडखळायला झालं, कुठे पानं उलटून पुढे जावंसं वाटलं, कुठे थांबून परत वाचलं, आणि का.

हा 'का' सुरुवातीला मुलांना जड जातो. पहिल्या दोन आठवड्यांत लेकीच्या वहीत 'छान', 'कंटाळवाणं', 'खूपच भारी' एवढेच शेरे होते. फ्रेंच शिकवणाऱ्या बाई त्या शेऱ्यांखाली काही न लिहिता नुसतं प्रश्नचिन्ह काढून वही परत द्यायच्या. ऑक्टोबरात वही बदलली. एका कादंबरीबद्दल तिने लिहिलं होतं, 'लेखकाला ही बाई आवडत नाही, म्हणून तिला तो एकही चांगलं वाक्य बोलू देत नाही. हा अन्याय आहे.' हे वाचून मी ती वही हातात घेऊन बराच वेळ बसले होते.

त्या वर्षी दिवाळी इथल्या तूसांच्या, म्हणजे शाळांच्या शरद ऋतूतल्या सुट्टीत आली. लक्ष्मीपूजन ४ नोव्हेंबरला होतं आणि आदल्याच दिवशी पॅरिसमध्ये थोरला गोंकूर जाहीर झाला. मोहामेद म्बुगार सार या सेनेगलच्या तरुण लेखकाला तो मिळाला. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतल्या लेखकाला तो मिळण्याची ही पहिलीच वेळ. पाडव्याच्या दुपारी लेकीच्या वर्गातली चार मुलं आमच्याकडे आली होती. शाळा उघडली की वर्गाची पसंती ठरवायची होती. डायनिंग टेबलावर मधोमध चकल्या आणि शंकरपाळ्यांचे डबे, भोवती कादंबऱ्यांची चळत, आणि मी ओट्याशी. त्यांच्या फ्रेंचचा वेग जबरदस्त होता, तरी मी एकही वाक्य सुटू दिलं नाही.

वाद मुख्यतः दोन पुस्तकांवर चालला होता. एक सारची चारशेहून जास्त पानांची कादंबरी. पॅरिसमध्ये राहणारा एक तरुण सेनेगली लेखक १९३८ साली निघालेल्या आणि मग विस्मृतीत गेलेल्या एका पुस्तकाचा आणि त्याच्या बेपत्ता झालेल्या लेखकाचा शोध घेतो. कथेत कथा, पत्रं, डायऱ्या, तीन खंडांत पसरलेला पट. दुसरी क्लारा द्युपों-मोनो यांची दोनशेच्या आसपास पानांची छोटी कादंबरी. दक्षिण फ्रान्समधल्या सेवेनच्या डोंगराळ भागातलं एक घर. तिथे एक बाळ जन्मतं, ज्याला दिसत नाही, जे कधी उठून बसणार नाही. त्याच्या भावंडांवर त्याचा काय परिणाम होतो, एवढीच गोष्ट. आणि ती सांगतात अंगणाच्या भिंतीतले दगड.

'दगड कसे बोलतील?' हा पहिला आक्षेप एका उंचापुऱ्या मुलाचा. हे त्याला ओढूनताणून आणल्यासारखं वाटत होतं. त्याच्या शेजारची मुलगी म्हणाली, 'माणूस सांगता तर त्याने कोणाची तरी बाजू घेतली असती. दगड फक्त बघतात.' तो मुलगा गप्प झाला, पण पटलं असं म्हणाला नाही. मग लेक म्हणाली की सारचं पुस्तक हे या यादीतलं सर्वांत मोठं पुस्तक आहे आणि ते थोरल्यांनी निवडलं म्हणून आपण टाळायचं, हे काही बरोबर नाही. त्यावर कोणी तरी म्हणालं, 'पण छोट्या पुस्तकालाही फेमिना हा दुसरा मोठा पुरस्कार मिळून दहा दिवस झालेत. मग दोन्ही बाद करायची का?'

तिथून चर्चा वेगळ्याच वळणावर गेली. पुरस्कार कशाला द्यायचा? जे सर्वांत चांगलं लिहिलंय त्याला, की जे मी माझ्या न वाचणाऱ्या मित्राच्या हातात ठेवेन त्याला? चौघांची चार मतं. साहित्याच्या मोठमोठ्या चर्चासत्रांत फिरून फिरून हाच प्रश्न येतो. इथे तो फराळाच्या डब्यांवर हात मारत सोळा वर्षांची मुलं सोडवत होती आणि त्यांना तो खरोखरच सोडवावा लागणार होता, कारण सोमवारी हात वर करायचा होता.

मला सर्वांत लक्षात राहिली ती एक अबोल मुलगी. तासभर ती फक्त ऐकत होती. त्या छोट्या कादंबरीत मोठा भाऊ बाळासाठी जीव टाकतो, पण मधल्या बहिणीला त्या बाळाचा राग येतो, किळस येते. या बहिणीबद्दल उंच मुलगा म्हणाला की ती दुष्ट आहे. तेव्हा ही मुलगी म्हणाली, 'दुष्ट नाही. घरात सगळ्यांनी चांगलंच वागायचं ठरवलंय, म्हणून कोणाला तरी रागवावं लागतं. ते काम तिच्यावर पडलं.' तिच्या स्वतःच्या घरी काय आहे, मला माहीत नाही, आणि कोणी विचारलंही नाही. कादंबरीबद्दल बोलता बोलता माणूस असं काही बोलून जातो, जे एरवी त्याच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही. तेवढ्यासाठी तरी अशी टेबलं घरोघरी मांडली जावीत असं मला मनापासून वाटतं.

नोव्हेंबरअखेर निकाल लागला. मुलांचा गोंकूर त्या दगडांच्या कादंबरीला मिळाला. लेक हरली. सारच्या पुस्तकावर अन्याय झाला असं ती आजही म्हणते आणि मला तिचं पटतं. मुलांच्या निवडीत पसरट, अवघड रचनेची पुस्तकं मागे पडतात. दोन महिन्यांत पंधराएक कादंबऱ्या वाचायच्या म्हटल्यावर ते होणारच. थोरल्यांची आणि मुलांची निवड एक आल्याची उदाहरणं फार थोडी आहेत: पहिल्याच वर्षी, १९८८मध्ये, एरिक ऑर्सेना आणि १९९५मध्ये आंद्रेई माकीन.

पण या मुलांच्या नजरेला कमी लेखू नये. २००७ साली त्यांनी फिलिप क्लोदेल यांना निवडलं होतं. तेच क्लोदेल २०२४पासून थोरल्या गोंकूर अकादमीचे अध्यक्ष आहेत. २०१६ साली मुलांनी गाएल फाय या रॅप गायकाची पहिली कादंबरी उचलून धरली. बुरुंडीत वाढणारा एक मुलगा आणि शेजारच्या रवांडातलं १९९४चं हत्याकांड. २०१८ साली पहिल्या महायुद्धात फ्रान्ससाठी लढलेल्या सेनेगली सैनिकाची गोष्ट सांगणारे दाविद दियोप. या कादंबरीच्या इंग्रजी अनुवादाला तीन वर्षांनी आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. २०२० साली कॅमेरूनच्या जाइली आमादू अमाल. जबरदस्तीने लावलेली लग्नं, सवती, मारहाण, आणि बायकांना वर्षानुवर्षं दिला जाणारा एकच सल्ला: सोस. लेखिकेचं स्वतःचं लग्न सतराव्या वर्षी लावून दिलं होतं, म्हणजे तिच्या परीक्षकांच्याच वयात.

२०२३ साली नेज सिनो यांचं पुस्तक यादीत होतं. लहानपणी सावत्र बापाने केलेल्या लैंगिक अत्याचारांबद्दल लेखिकेने स्वतःच्या नावाने लिहिलेलं. आमच्या ओळखीच्या पालकांत तेव्हा कुजबुज झाली, हे सोळाव्या वर्षी वाचायला द्यायचं का? मला ती काळजी समजते, मीही आई आहे. पण मुलांनी तेच पुस्तक निवडलं. ज्या वयात हे घडू शकतं, त्या वयाच्या मुलांना ते वाचता येतं, फक्त वाचून झाल्यावर त्यांच्याशी बोलायला कोणी तरी हवं. वर्ग त्यासाठीच असतो.

माझी बहीण साताऱ्याला असते. तिची मुलगी नववीत. ऑक्टोबरात तिच्या शाळेत वाचन प्रेरणा दिन असतो. कलामसाहेबांचा वाढदिवस, १५ ऑक्टोबर. उपक्रम चांगला आहे आणि शिक्षक जीव ओतून करतात. तिने मला तिचा पुस्तक परीक्षणाचा कागद पाठवला होता. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, किंमत, सारांश, आणि शेवटी 'या पुस्तकातून मिळालेला बोध'. तिने बोध लिहिला होता: 'आईवडिलांचा आदर करावा.' मी फोन करून विचारलं, तुला खरंच काय वाटलं गं? जरा वेळ गेला. मग म्हणाली, 'मावशी, खरं सांगू? त्यातली आई मला आवडली नाही. ती मुलाला सगळं देते आणि मुलीला शाळेतून काढते, आणि लेखक म्हणतो ती थोर आहे. मला ती थोर वाटत नाही.'

हे परीक्षण आहे. पण हे लिहायला त्या कागदावर रकाना नाही. तिच्या मनात मत तयार होतं, चांगलं टोकदार होतं. कोणी विचारलं नव्हतं इतकंच.

तेव्हापासून तिच्या कॉलनीतल्या काही मुलींनी एक पुस्तक धरून वाचायचं ठरवलं आहे. नगरवाचनालयात एका कादंबरीच्या पाचसहा प्रती मिळत नाहीत, दोन मिळाल्या. एक घरात सापडली, एक शेजारच्या आजोबांनी दिली आणि परत द्यायची अट घातली. रविवारी संध्याकाळी गच्चीवर बसतात. नियम दोनच: गोष्ट सांगायची नाही आणि 'छान' म्हटलं तर का ते सांगायचं. माझी लेक अधूनमधून व्हिडिओ कॉलवर असते, तिच्या मोडक्या-तोडक्या मराठीत भांडते. मागच्या वेळी त्यांचं पुस्तकाच्या शेवटावर बिनसलं. नायिका घर सोडून जाते ते बरोबर की चूक, यावर नाही. लेखकाने तिला कुठे जायचं हेच ठरवू दिलं नाही, यावर. दोघी विरुद्ध तिघी आहेत. आता पुढच्या रविवारी ते शेवटचं प्रकरण मोठ्याने वाचून मग मत घेणार आहेत.